उधारीच्या मोटारीचे अर्थशास्त्र

इंग्लंडमध्ये लेस्टरनजीक नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र नुकतेच आले. तांबड्या दिव्यापाशी तो मोटार थांबवून उभा असताना मागून येणाऱ्या मोटारीने त्याला धडक दिली. दुखापत कोणासही झाली नाही आणि मागील चालकाने आपली चूक तेथल्या तेथे मान्य केली. विद्यार्थ्याने आपल्या विमापत्रावरील दूरध्वनी क्रमांक फिरविला. पलीकडच्या बाईंनी आपुलकीने चौकशी केली, चूक तुमची नव्हती ना एवढे विचारून घेतले आणि दूरध्वनी दुसऱ्या कोणाकडे जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराशी एक नवीकोरी मोटार उभी राहिली. ती घेऊन आलेल्या माणसाने पुढे केलेल्या पडद्यावर त्याने बोटाने सही केली. त्याची स्वतःची मोटार गॅरेजच्या रांगेत होती, म्हणून सात आठवडे ही दुसरी मोटार त्याने वापरली आणि परत केली.

या गोष्टीला वर्ष होत आले. आता एका वकिलांच्या कचेरीने अपघाताच्या सुमाराचे त्याचे बँकेचे खातेउतारे आणि पगारपत्रके मागविली आहेत. दावा त्याच्याच नावाने चालावयाचा असून प्रसंगी त्याला साक्षीसाठी उभे राहावे लागेल, असेही कळविले आहे. ‘‘सर, ती मोटार विम्यातून मिळाली असे मी समजत होतो. ती मी भाड्याने घेतली होती, आणि तीही उधारीवर, हे मला आता कळते आहे,’’ असे तो लिहितो.

हा मुलगा वर्गात हुशार म्हणून गणला जात असे. तेव्हा त्याच्या भोळेपणाला हसून विषय संपविता येणार नाही. ज्या व्यवस्थेत तो सापडला आहे, ती व्यवस्था शिकल्यासवरल्या माणसालाही समजू नये अशाच रीतीने चालते. दरवर्षी आपल्याकडील शेकडो मुलेमुली शिक्षणासाठी, रुग्णालयांतील नोकऱ्यांसाठी आणि संगणकाच्या कामासाठी ब्रिटनला जातात आणि जुनी का होईना, एखादी मोटार घेतात. त्यांच्या पालकांच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही.

या व्यवहाराचे तेथील नाव ‘क्रेडिट हायर’ असे आहे. तो करणाऱ्या वा जुळवून आणणाऱ्या संस्थांना ‘ॲक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनी’ म्हणतात. ज्याची चूक नाही अशा चालकाला ही कंपनी बदली मोटार देते, त्याच्या मोडलेल्या मोटारीची दुरुस्ती करवून घेते, कागदपत्रे सांभाळते आणि त्याच्याकडून त्या वेळी एक पैही मागत नाही. भाडे उधार राहते. पुढे ते भाडे चूक करणाऱ्या चालकाच्या विमा कंपनीकडून वसूल करावयाचे असते. ही वसुली मात्र मोटार वापरणाऱ्याच्या नावाने होते. कारण नुकसान त्याचे झालेले असते आणि भाड्याचे देणेही करारानुसार त्याचेच असते. ‘फुकट मोटार’ म्हणून जे त्याच्या दाराशी येते, ते कायद्याच्या भाषेत त्याने काढलेले ऋण असते.

आता हा धंदा निव्वळ लुबाडणुकीचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. यामागील मूळ तत्त्व निर्दोष आहे. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने ज्याचे नुकसान झाले, त्याला अपघातापूर्वीच्या स्थितीत आणून ठेवणे हे अपकृत्याच्या कायद्याचे जुने सूत्र होय. मोटार मोडली म्हणजे केवळ दुरुस्तीचा खर्च येतो असे नाही. मोटारीवाचून दिवस काढावे लागतात आणि त्या दिवसांनाही मोल असते. स्वतःच्या विमा कंपनीकडे जावे, तर ठरावीक रक्कम पदरची भरावी लागते, ‘नो क्लेम’ सवलत धोक्यात येते आणि मोटार मिळालीच तर बहुधा लहानशी, तीही दुरुस्ती चालू असेतोवर. रात्रपाळीच्या परिचारिकेने, पहाटे मालाच्या गोदामावर जाणाऱ्या कामगाराने काय करावे? भाड्याची मोटार रोख पैसे भरून घेण्याची ऐपत सर्वांनाच नसते. ही उणीव या कंपन्यांनी हेरली, आणि जेथे उणीव असते तेथे व्यापार उभा राहतो, हे वर्गात आपण सांगतोच.

न्यायालयांनी या व्यापाराकडे प्रारंभी संशयाने पाहिले. दुसऱ्याच्या दाव्यात पैसा गुंतवून त्यात वाटा मिळविणे इंग्लिश कायद्याला फार पूर्वीपासून अमान्य होते, आणि या कंपन्या तेच करीत आहेत असा विमा कंपन्यांचा आक्षेप होता. १९९३ साली ‘जाइल्स विरुद्ध थॉम्पसन’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. मात्र बदली मोटारीची गरज होती हे गृहीत धरता येणार नाही, ती वादीने दाखवून द्यावी लागेल, असेही तेथे सांगण्यात आले. पुढे २००० साली ‘डायमंड विरुद्ध लव्हेल’ हा खटला त्याच न्यायासनापुढे गेला. भाड्याची रक्कम होती सुमारे ३५० पौंड! एवढ्याशा बिलासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचे दार ठोठावले जाते, तेव्हा त्याच्यामागे हजारो बिले उभी आहेत असे समजावे. करार १९७४ च्या ग्राहक पतकायद्याला धरून नव्हता, म्हणून श्रीमती डायमंड भाड्याचे देणे लागत नाहीत. आणि जे त्या देणे लागत नाहीत ते प्रतिपक्षाकडून मागूही शकत नाहीत, असा तो निर्णय झाला. कंपन्यांनी कराराचा मसुदा बदलून ही अडचण दूर केली. परंतु त्याच निकालातील दुसरा विचार टिकून राहिला. या कंपन्यांच्या चढ्या भाड्यात केवळ मोटारीचे भाडे नसते. त्यात उधारीची किंमत असते, दावा चालविण्याच्या कटकटीची किंमत असते आणि दावा हरण्याचा धोकाही असतो. हे जादा लाभ प्रतिवादीच्या माथी मारता येणार नाहीत. बाजारात रोखीने जे भाडे पडले असते, तेवढेच मिळेल, असा हा विचार होता.

येथवर सारे तर्कशुद्ध दिसते. पण ज्याच्याजवळ रोख नाहीच, त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका बुडालेल्या जहाजाची आठवण न्यायमूर्तींना काढावी लागली. १९२८ साली ग्रीसमधील पात्रास बंदराजवळ गाळ काढणारे ‘लिसबॉश’ नावाचे यंत्रनौकेसारखे जहाज ‘एडिसन’ या आगबोटीच्या चुकीने समुद्रात ओढले जाऊन बुडाले. मालकांचे बंदराचे कंत्राट चालू होते. नवे जहाज विकत घेण्याइतका पैसा जवळ नसल्याने त्यांनी महागडे जहाज भाड्याने आणून काम रेटले आणि तो सर्व खर्च मागितला. १९३३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की, हा जादा खर्च अपघातामुळे झालेला नसून तुमच्या दारिद्र्यामुळे झाला आहे, आणि त्या दारिद्र्याला प्रतिवादी जबाबदार नाही. गरिबी हे नुकसानीचे स्वतंत्र कारण मानणारा हा निकाल सत्तर वर्षे पुस्तकात राहिला. डिसेंबर २००३ मध्ये ‘लॅग्डेन विरुद्ध ओकॉनर’ या खटल्यात तो मागे पडला. श्री. लॅग्डेन बेकार होते, त्यांची प्रकृती ठीक नव्हती आणि मोटार जुनी होती. रोखीने मोटार भाड्याने घेणे त्यांना शक्यच नव्हते. अशा निष्कांचन माणसाला उधारीचे पूर्ण भाडे मिळाले पाहिजे, असा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी झाला.

प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय योग्य होता. अपघात करणाऱ्याने समोरचा माणूस जसा असेल तसा पत्करला पाहिजे. तो श्रीमंत निघाला असता तर खर्च कमी आला असता, ही सबब त्याला देता येऊ नये. परंतु न्यायाची एक खिडकी उघडली की तीमधून कोण कोण आत येईल यावर न्यायाधीशांचा ताबा राहत नाही. या निर्णयानंतर वादीची गरिबी ही कंपनीची मिळकत ठरली. निष्कांचन ग्राहकाचे भाडे पूर्ण वसूल होते, सुस्थित ग्राहकाचे निम्म्यावर येण्याचा संभव असतो. सावकाराच्या इतिहासात असा प्रसंग बहुधा पहिलाच असेल, की ज्यात ऋणको जितका निर्धन तितका धनको निश्चिंत!

आणि म्हणूनच बँकेचे खातेउतारे. आपण निष्कांचन होतो असे म्हणावयाचे, तर ते सिद्ध करावे लागते. अपघाताच्या वेळी खात्यात किती शिल्लक होती, महिन्याकाठी किती उरत होते, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती होती, हे सर्व प्रतिपक्षाच्या वकिलापुढे मांडावे लागते आणि त्याखाली सत्यतेच्या निवेदनावर सही करावी लागते. ते निवेदन जाणूनबुजून खोटे केल्यास न्यायालयाच्या अवमानाचा प्रसंग येऊ शकतो. ज्याची काही चूक नव्हती, त्याला आपल्या घरखर्चाची झडती द्यावी लागते. आणि हे मोटार दाराशी आली तेव्हा त्याला कोणी स्पष्ट सांगितलेले नसते.

आता खर्चाकडे वळू. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, बाजारात रोखीने एखादी मोटार दिवसाला ४० पौंडांना मिळते आणि उधारीच्या करारात तिचा दर ९० पौंड आहे. पन्नास दिवसांचे एक भाडे २,००० पौंड होते, तर दुसरे ४,५००. दर वाढण्यास येथे जशी प्रेरणा आहे तशीच दिवस वाढण्यासही आहे. गॅरेजला सुटा भाग मिळण्यास उशीर झाला, पाहणी करणारा अभियंता आठवडाभर आला नाही, तर चालकाला त्याची झळ लागत नाही, कारण त्याच्या दाराशी मोटार आहे. कंपनीला तर तो लाभच आहे. मोटार निवडणारा एक, तिचा उपभोग घेणारा दुसरा आणि बिल भरणारा तिसरा. ज्याला पैसे भरावयाचे आहेत त्याच्या हाती नियंत्रण नाही, आणि ज्याच्या हाती नियंत्रण आहे त्याला काटकसरीचे कारण नाही. आपल्या शहरांतील खाजगी रुग्णालयात दाखल होताना ‘मेडिक्लेम आहे का?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि उत्तरावर खोलीचा वर्ग ठरतो, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या अर्थशास्त्रासाठी क्रमिक पुस्तकाची गरज नाही.

ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने नेमके यावरच बोट ठेवले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाजगी मोटार विम्याचा व्यवहार या आयोगाकडे चौकशीसाठी सोपविण्यात आला होता. खर्चाची जबाबदारी एकीकडे आणि खर्चावरील ताबा दुसरीकडे अशी फारकत झाल्यामुळे विमेदारांच्या हप्त्यांवर दरसाल १५ ते २० कोटी पौंडांचा बोजा पडतो, असा अंदाज डिसेंबर २०१३ च्या प्राथमिक निष्कर्षांत होता. हा पैसा विमा कंपन्यांच्या भागधारकांच्या खिशातून जात नाही. तो शेवटी त्याच परिचारिकेच्या आणि त्याच गोदाम-कामगाराच्या पुढील वर्षाच्या हप्त्यात येऊन बसतो.

मग विमा कंपन्या हे थांबवीत का नाहीत? या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग हाच आहे. प्रत्येक विमा कंपनी दोन भूमिका वठवीत असते. तिच्या ग्राहकाने धडक दिली की ती बिल भरणारी असते. तिच्या ग्राहकाला धडक बसली की ती ग्राहक पुरविणारी असते. धडक बसलेल्या ग्राहकाला क्रेडिट हायर कंपनीकडे वळते करून दिले, तर त्याबद्दल तिला दलाली मिळते आणि बिल मात्र प्रतिस्पर्ध्याच्या दारी जाते. माझ्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी ‘दुसरीकडे’ जोडला गेला, त्याचा अर्थ हा असण्याचा संभव पुष्कळ आहे. सर्वांनी ही दलाली सोडली तर सर्वांचाच खर्च उतरेल. पण एकटीने सोडली तर तिचे उत्पन्न बुडेल आणि इतरांची बिले मात्र तिला भरावीच लागतील. दोन कैद्यांच्या कोड्याचे याहून चपखल उदाहरण वर्गात देण्यासाठी मला आजवर सापडलेले नाही. एका हाताने ‘क्रेडिट हायरने हप्ते वाढविले’ अशी तक्रार लिहावयाची आणि दुसऱ्या हाताने त्याच व्यवहाराची दलाली स्वीकारावयाची, असे हे वर्तन आहे. त्याला ढोंग म्हणावे. पण बाजाराच्या या रचनेत ते शहाणपणाचे ढोंग आहे, आणि म्हणूनच उपदेशाने ते जाणार नाही.

समझोत्याचा एक प्रयत्न झाला. १९९९ साली विमा कंपन्या आणि भाड्याच्या कंपन्या यांच्यात दर व कार्यपद्धती ठरविणारा एक ऐच्छिक करार झाला, आणि त्यामुळे बरेच दावे न्यायालयात न जाता मिटू लागले. परंतु ठरलेले दर रोखीच्या भाड्याहून चढेच राहिले, आणि ज्यांना करारात यावयाचे नव्हते ते बाहेर राहिले. दलालीच्या प्रश्नाला २०११ साली माजी मंत्री जॅक स्ट्रॉ यांनी जाहीर वाचा फोडली. २०१२ च्या कायद्याने शारीरिक दुखापतीच्या दाव्यांतील दलालीवर बंदी घातली आणि ती १ एप्रिल २०१३ पासून अमलात आली. मोटारीच्या भाड्यावरील दलाली त्या बंदीतून सुटली. चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०१४ मध्ये आयोगाच्या जागी आलेल्या प्राधिकरणाने दिला. रोग मान्य, पण प्रमाणशीर आणि परिणामकारक उपाय सापडत नाही, असे क्रेडिट हायरविषयी त्याचे तात्पर्य होते. दोन वर्षे नाडी पाहून वैद्याने नुसताच रोग सांगावा, तसे हे झाले.

उपाय खरोखरच नाही काय? मला तसे वाटत नाही. अपघात करणाऱ्याच्या विमा कंपनीने चूक मान्य असल्यास ठरावीक दिवसांत स्वतःच बदली मोटार पोहोचवावी, असे बंधन कायद्याने घालता येईल. २००९ च्या ‘कॉपली विरुद्ध लॉन’ या खटल्यात असाच प्रस्ताव विमा कंपनीने दिला होता. पण तो देताना त्या मोटारीचा आपल्याला काय खर्च येईल हे सांगितले नाही, म्हणून तो नाकारणाऱ्या वादींना अपील न्यायालयाने दोष दिला नाही. म्हणजे मार्ग उघडा आहे, फक्त त्यावर दर लिहिलेला असला पाहिजे. दुखापतीच्या दाव्यांवरील दलालीची बंदी मोटारीच्या भाड्याला लागू करण्यासही तत्त्वतः अडचण नसावी. आणि ज्या पडद्यावर सही घेतली जाते, त्यावर रोजचे भाडे आणि ‘हे देणे तुमचे आहे’ हे वाक्य ठळक अक्षरांत असणे, ही तर किमान अपेक्षा झाली. ऋणकोला आपण ऋणको आहोत हे ठाऊक असावे, यापेक्षा अधिक काही मी मागत नाही.

आपल्याकडे या धंद्याचा मागमूस नाही, हे ऐकून कोणास बरे वाटेल. पण त्याचे कारण आपली व्यवस्था शहाणी आहे असे नव्हे. मोटारीवाचून गेलेल्या दिवसांची भरपाई आपला नेहमीचा मोटार विमा देत नाही, आणि ती समोरच्या चालकाकडून मागण्याच्या खटाटोपात सहसा कोणी पडत नाही. निर्दोष माणूस पदरमोड करून रिक्षाने कामावर जातो आणि नशिबाला बोल लावतो. ब्रिटनने या माणसाचा हक्क मान्य केला आणि त्या हक्काभोवती दलालांची गर्दी झाली. आपण हक्कच मान्य केला नाही, म्हणून गर्दीही नाही.

विद्यार्थ्याला मी लिहिले आहे ते असे: सही केलेल्या कराराची प्रत आधी मागून घे. तशाच मोटारीचे त्या भागातील रोखीचे दर काय होते ते शोध. मोटार कामासाठी खरोखर किती दिवस लागली, गॅरेजने कोणत्या तारखांना काय कळविले, ते लिहून काढ. आणि वकिलाने लिहून दिलेले निवेदन वाचल्याशिवाय त्यावर सही करू नकोस.

त्याचा खरा प्रश्न मात्र याने सुटत नाही. तो निष्कांचन होता की नव्हता? अपघाताच्या दिवशी त्याच्या खात्यात सुमारे तीन हजार पौंड होते. रोखीचे भाडे त्यातून भरता आले असते. पण ते पैसे त्याने साताऱ्याच्या घरावरील कर्जाच्या हप्त्यांसाठी आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवले होते, आणि पुढील दोन महिन्यांत ते तिकडे गेलेही. तो सुस्थित ठरला, तर रोखीच्या दराइतकेच भाडे मिळेल आणि उरलेली रक्कम कागदोपत्री त्याच्या डोक्यावर राहील. कंपन्या सहकार्य करणाऱ्या ग्राहकाच्या मागे सहसा लागत नाहीत असे म्हणतात. पण करारात तसे लिहिलेले नसते. लॅग्डेन खटल्यात न्यायमूर्तींनी निष्कांचनतेची कसोटी सांगितली, ती अशी की, वादीकडून न्याय्यपणे अपेक्षा करता येणार नाही असा त्याग केल्याशिवाय ज्याला भाडे भरता येत नाही, तो निष्कांचन. बापाच्या शस्त्रक्रियेचे पैसे भाड्याच्या मोटारीवर खर्च करणे हा असा त्याग आहे काय, हे आता लेस्टरच्या एखाद्या न्यायाधीशाला ठरवावे लागेल, आणि तोवर साताऱ्याला पाठविलेल्या प्रत्येक रकमेची पावती त्याला जपून ठेवावी लागेल.